कंपनीतून आली तशी

आमच्या घरमालकांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते, ‘कंपनीचं’ आणि ‘बाहेरचं’. कंपनीचं म्हणजे वस्तू जन्माला आली तेव्हा तिच्या अंगावर जे होतं ते. बाहेरचं म्हणजे पुढे कुणीतरी लावलेलं, बदललेलं, सुधारलेलं. ‘सुधारलेलं’ हा शब्द तर ते शिवी हासडल्यासारखा उच्चारायचे.

नाशिकहून बदली होऊन मी बुऱ्हाणपूरला आले आणि लोधीपुऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले, तेव्हा पाणी किती वाजता येतं, गेट कधी बंद होतं, यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. छताच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, “मॅडम, हा पंखा कंपनीचा आहे बरं का. पाती कंपनीची, कॉइल कंपनीची. आवाज करतो, पण तो आवाजही कंपनीचाच आहे. याला कोण्या मिस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही.” मग विचारलं, “तुम्ही काम कुठं करता?” मी म्हटलं, “विमा कंपनीत.” ते एकदम खूश झाले. खोली मला का मिळाली याचं दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

उंच, काटकुळे, अंगात पांढरी बंडी आणि बंडीच्या खिशात कायम एक छोटी टॉर्च. आयुष्यभर कापडाचं दुकान चालवून ते त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं होतं. मूलबाळ नव्हतं. भर दुपारी टॉर्च कशाला लागते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बाहेर ऊन असते हो मॅडम, पण वस्तूच्या पोटात तर बारा महिने अंधारच ना.” कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते फ्रिजच्या मागे किंवा शिलाई मशीनच्या खाली टॉर्च मारून बघायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांत मीही होते.

माझी आई एकदा चार दिवस राहायला आली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जिना चढताना त्यांनी तिला विचारलं, “दुखते का?” आई म्हणाली, “आता नाही, बदलून घेतलाय.” त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे बाहेरचा आहे?” “हो.” “चालता येते नीट?” “उत्तम येतं.” ते बराच वेळ गुडघ्याकडे बघत राहिले आणि शेवटी हळहळून म्हणाले, “तरीही.” आई नाशिकला परत गेल्यावरही महिनाभर हे सांगून हसत होती.

अशा माणसाच्या अंगणात जुनी मोटार असणारच. पत्र्याच्या शेडखाली, मोतिया रंगाची, चार दारांची, गोल पाठीची. तरुणपणी नंबर लावून, कित्येक वर्षं वाट पाहून मिळालेली. कंपनीचं नाव ते कधी घेत नसत. जगात जणू एकच कंपनी होती आणि तिनं एकच गाडी बनवली होती. गाडीचं बहुतेक सगळं त्यांनी जसंच्या तसं राखलेलं होतं. दारांची हँडलं, सीटवरची रेक्झिनची शिवण, अगदी डिकीतली पान्यांची पिशवीसुद्धा. फक्त बॉनेट उघडलं की ते नजर चुकवायचे. मधल्या काळात एका मिस्त्रीनं मूळचा पितळी रेडिएटर काढून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर बसवला होता. त्यासोबत निळे रबरी पाइप, स्क्रूचे चकचकीत क्लॅम्प आणि कोपऱ्यात लटकणारी एक पांढरी बाटली. गाडी तापायची थांबली, पण घरमालकांच्या काळजाला तो काटा कायमचा राहिला. मूळचा रेडिएटर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला होता, पण त्याचं झाकण, पाइप आणि क्लिपा केव्हाच हरवल्या होत्या.

“गाडी माझी आहे,” ते सांगायचे, “पण पाणी हिचं.”

ही म्हणजे काकू. बुटक्या, गोऱ्या, बोलायला तिखट. माहेर बहादरपूरचं, केळीवाल्यांचं. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे माहेरची केळी, आणि दुसरं म्हणजे कुंडी भंडाऱ्याचं पाणी. बुऱ्हाणपुरात नवीन माणसाला हे भंडाऱ्याचं प्रकरण समजावून सांगावं लागतं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी मोगलांच्या काळात जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणलं, वर विहिरींसारख्या कुंड्या बांधल्या, आणि ते आजही वाहतं. गावातल्या जुन्या माणसांना त्याच्यापुढे दुसरं पाणी पाणीच वाटत नाही. घरमालक दर रविवारी स्कूटरवरून लालबागेकडे जाऊन स्टीलचे डबे भरून आणायचे. काकू ते पाणी ओळखायच्या कशा, देव जाणे. मी एकदा गंमत म्हणून माझ्या जारचं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. एक घोट घेतला आणि तांब्या बाजूला सारला.

“हे काय आणलं गं पोरी? याला तर काही चवच नाही. मेलेलं पाणी आहे हे.”

त्या पाण्याची आणि त्या गाडीची गाठ पहिल्याच दिवशी पडली होती. ती गोष्ट मला काकूंनी पापड लाटता लाटता सांगितली. नवी गाडी आणायला दोघं इंदूरला गेले होते. परत येताना उन्हाळ्याची दुपार, असीरगडाचा घाट, आणि मध्येच बॉनेटमधून वाफा. घरमालक घाबरून रस्त्याच्या कडेला बसले. आसपास पाण्याचं नाव नाही. काकूंकडे मात्र घरून नेलेला भंडाऱ्याच्या पाण्याचा डबा होता. बाहेरचं पाणी पोटाला बाधतं म्हणून त्या कुठंही गेल्या तरी तो डबा असायचाच.

“मी म्हटलं, अहो, सरका बाजूला. आधी तिला थंड होऊ दिलं, मग झाकण उघडून तांब्यानं पाणी पाजलं. गटगट प्याली बघ! तेव्हा पहिल्यांदा मी आत वाकून पाहिलं. इतकं सुंदर होतं ना गं सगळं. काळी टाकी, पितळेचं झाकण, लाल पंखा. मला वाटलं, बाहेरून काय, आतूनच नवरी दिसू राहिली ही.”

तेव्हापासून गाडीला पाणी पाजायचं काम काकूंचं. कुठंही निघायचं तर आधी तांब्या. आणि दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला, आपट्याची पानं वाहिली, की काकू बॉनेट उघडायला लावायच्या आणि वर्षाचं मानाचं पाणी ओतायच्या.

मी तिथं गेले त्या वर्षीचा दसरा मला आठवतो तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. सकाळी काकूंनी पाणी ओतलं. संध्याकाळी काकू देवळात गेल्यावर मी गॅलरीत कपडे काढत होते, तर घरमालक गाडीखाली आडवे झालेले दिसले. रेडिएटरची खालची तोटी उघडून त्यांनी सगळं पाणी घमेल्यात काढलं. डबक्याचा डाग पडू नये म्हणून फडक्यानं जमीन पुसली. मग बॅटरीत घालतात त्या पाण्याचे कॅन आणून रेडिएटर पुन्हा भरला. घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला घातलं. आणि हे सगळं इतक्या चोरपावलांनी की मला वाटलं, माणूस आपल्याच गाडीची चोरी करतोय. वर मान केली तर मी दिसले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मीही मान हलवली. का हलवली, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या डोळ्यांचं निघालं. भाजी निवडताना बाजूला पडलेली गवार दिसेना, जिन्याची कड चुकायला लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि बराच पुढे गेलेला सांगितला. कडेचं गेलं होतं, मधलं उरलं होतं. “नळीतून बघू राहिल्यासारखं वाटते,” काकू म्हणायच्या. थेंब घालायचे, तपासण्या करायच्या, पण गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

इंदूरहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरमालकांनी माळ्यावरचा रेडिएटर खाली उतरवला.

“दसऱ्याला हिला बॉनेट उघडून दाखवायचं,” ते मला म्हणाले. “कंपनीतून आली तशी. असीरच्या घाटात पाहिली होती ना हिनं, बस, तशी.”

खरं सांगायचं तर मला ते वेड वाटलं. बायकोची नजर चालली आहे आणि हा माणूस रेडिएटर घासतोय! तिला घेऊन कुठं फिरायला जावं, नर्मदा दाखवावी, समुद्र दाखवावा. मी तसं बोललेही. ते म्हणाले, “समुद्र तिनं कधी पाहिलाच नाही, मॅडम. न पाहिलेलं काय आठवणार ती? हे तिचं आहे.”

मग सुरू झाला शोध. जुन्या गाड्यांचे भाग मिळवणं म्हणजे स्थळ शोधण्यासारखं असतं, हे मला तेव्हा कळलं. कुणाचा तरी मेहुणा अकोल्याला असतो, त्याच्या ओळखीच्या गॅरेजात एक पितळी झाकण असतं, ते बघायला फोटो मागवायचा, फोटो धूसर येतो, मग माणूस पाठवायचा. व्हॉट्सॲपवर दिवसभर मला फोटो यायचे. ऑफिसात क्लेमच्या फाइलवर सही करता करता मी तारेच्या क्लिपा झूम करून बघत बसायचे. हल्लीच्या पाइपांना स्क्रूचे पट्टे असतात. कंपनीनं वळवलेल्या जाड तारेच्या क्लिपा दिल्या होत्या. पाइपसुद्धा गुळगुळीत नव्हता, त्यावर कापडाची वीण दिसायची. “कापडाचं मला शिकवू नका,” त्यांनी एका दुकानदाराला फोनवर झापलं, “तीस-चाळीस वर्षं कापड विकलं आहे मी. ही वीण आडवी आहे. आमची तिरपी होती.”

बहादरपूरच्या लग्नातला किस्सा तर गावभर झाला. काकूंच्या माहेरी मुलीचं लग्न होतं, वरात आली होती. नवरदेव फुलांनी मढवलेल्या जुन्या मोटारीत बसलेला. घरमालकांनी लांबूनच गाडी ओळखली. वरात चौकात नाचायला थांबली तसे ते पुढे घुसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “बॉनेट खोलो जरा.” ड्रायव्हरला वाटलं, धूर-बीर निघतोय. त्यानं घाबरून बॉनेट उघडलं, नवरदेव फेट्यासकट खाली उतरला, बँडवाले वाजवायचे थांबले. घरमालक टॉर्च घेऊन आत वाकले. दोन मिनिटांनी उभे राहिले आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं म्हणाले, “झाकण कंपनीचं आहे!” मुलीचे काका चिडले, म्हणाले, “भाऊजी, मुहूर्त टळू राहिला ना!” हे मात्र गाडीमालकाचा नंबर घेतल्याशिवाय हटले नाहीत. पुढे त्यांनी ते झाकण मिळवलंच. बदल्यात काय दिलं ते मला सांगितलं नाही, पण त्यानंतर त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मी पाहिलं नाही. ते घड्याळ कंपनीचं होतं.

रंगांच्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत होती. फोटो एकही नव्हता. आत कुठला रंग होता हे त्यांना स्वतःला धड आठवत नव्हतं, कारण बॉनेटमध्ये वाकून बघायचं काम काकूंचं. आणि काकूंना तर आधी कळू द्यायचं नव्हतं. मग ते चहा पिता पिता लांबून विषय काढायचे.

“काय गं, आपल्या गाडीचा पंखा कसा होता?”

“लाल होता.”

“म्हणजे कुंकवासारखा?”

“नाही हो. विटेसारखा.”

मग थोडा वेळ इकडचं तिकडचं, आणि पुन्हा, “आणि ती वरची टाकी? काळी होती ना?”

“काळी, पण चमकायची नाही. तव्यासारखी काळी. छत्रीसारखी नाही.”

ते उठून गच्चीवर यायचे आणि माझ्या दारात उभे राहून हळूच सांगायचे, “तवा. छत्री नाही.” काकूंना यातलं काही कळत नव्हतं असं मानायला मी तयार नव्हते. पण ते दोघं आपापल्या बाजूनं इतकं नीट खेळत होते की मध्ये पडायची माझी हिंमत नव्हती.

रेडिएटर शनवारा मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे न्यायचा ठरला. हे चाचा जुने, रेडिएटरशिवाय दुसऱ्या कशाला हात न लावणारे. माझ्या स्कूटीवर घरमालक मागे बसले, मांडीवर गोणपाटातला रेडिएटर. खड्डा आला की मला ओरडायचे, “हळू, मॅडम, हळू!” जशी काही त्यांच्या मांडीवर बाळंतीण बसली आहे. चाचांनी वरच्या टाकीचा झाळलेला सांधा दिव्याच्या आचेवर सोडवला, टाकी उचलली आणि आतली जाळी आमच्यापुढे धरली. नळ्यांच्या तोंडांवर पांढरा थर होता. नखानं खरवडला तर निघेना.

“देखो बड़े भाई, पूरा पत्थर हो गया है,” चाचा म्हणाले. “पहली बार भी मैंने ही बोला था आपको. भाभीजी का भंडारे वाला पानी…”

“चाचा!” घरमालक एकदम म्हणाले. “मैडम यहीं हैं.”

चाचा माझ्याकडे बघून गप्प झाले आणि सळईनं नळ्या साफ करायला लागले.

परतताना घरमालकांनी गाडी, म्हणजे माझी स्कूटी, रसवंतीपाशी थांबवायला लावली. उसाच्या रसाचा ग्लास हातात घेतला. मग म्हणाले, “भंडाऱ्याचं पाणी माणसाला अमृत आहे. पण त्यात चुना असतो ना. उकळलं की दगड धरते. गाडी दहा-बारा वर्षं ते प्याली आणि नळ्या बंद झाल्या. चाचानं तेव्हाच दाखवलं होतं.”

“मग काकूंना सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तुझ्या हातच्या पाण्यानं गाडी आजारी पडली, असं?” ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. “पोर नव्हतं आम्हाला. ती त्या गाडीला पाणी पाजायची. तांब्या घेऊन कशी निघायची, तुम्ही नाही पाहिलं, मॅडम. तिनं ओतावं, मी काढावं. बस. कोणाचं काय बिघडते?”

तेव्हा मला त्या दसऱ्याच्या संध्याकाळचं घमेलं कळलं. इतकी वर्षं हा माणूस बायकोच्या पाठीमागे पाणी काढत होता, आणि रविवारी तेच पाणी स्कूटरवरून तिच्यासाठी वाहून आणत होता. मला त्यांचा इतका लळा लागेल असं तोवर वाटलं नव्हतं. त्या दिवशी लागला.

पण लळा लागला म्हणून राग यायचा थांबत नाही. दसरा जवळ आला आणि काम काही संपेना. झाकण आलं, क्लिपा आल्या, तिरप्या विणीचा पाइप आला, विटेसारखा लाल पंखा झाला. अडलं ते टाकीच्या काळ्या रंगावर. रंग द्यायचा, वाळू द्यायचा, टॉर्च मारून बघायचा आणि घासून काढायचा. पुन्हा द्यायचा. इकडे काकूंना चहाचा कप शोधायला हात फिरवावा लागत होता. एके दिवशी त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून, मी समोर उभी असताना. त्याच दिवशी घरमालक मला म्हणाले, “अजून छत्रीच दिसू राहिली, उद्या परत घासतो.” माझा तोल गेला.

“काका, काळा तो काळा! त्यांना दिसतंय तोवर दाखवा ना. नंतर त्या तव्याचं काय करायचंय? कुणाला दाखवणार आहात?”

ते खाली बसले. हातातला पॉलिश पेपर घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.

“तेच तर ना, मॅडम. यापुढं तिला नवीन काही दिसणार नाही. शेवटचं जे दिसेल तेच तिच्याजवळ राहील. मग ते चुकीचं कसं दाखवू?”

मी वर निघून आले. खोलीत जाऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि त्यांच्यासोबत टाकी घासायला बसले. रंगात किती टर्पेंटाइन घातलं की चमक मरते, ते दुपारपर्यंत आम्ही शोधून काढलं. वाळल्यावर त्यांनी टॉर्च मारली, स्वयंपाकघरातून तवा आणून शेजारी धरला, आणि हसले.

दसऱ्याच्या सकाळी चाचाही आले होते. शेडमध्ये चार खुर्च्या मांडल्या. काकू ठेवणीतली हिरवी साडी नेसून, माझा हात धरून आल्या. हार, पानं, नारळ झाला. मग घरमालकांनी बॉनेट उघडलं.

काकूंना सगळं एकदम दिसणार नव्हतं. हे घरमालकांनी गृहीतच धरलं होतं. त्यांनी काकूंना वाकवलं, एका हातानं त्यांचं डोकं हळूच वळवलं आणि दुसऱ्या हातानं टॉर्चचा प्रकाश बरोबर तिथंच धरला जिथं काकूंची नजर उरली होती. आधी झाकण. मग टाकी. मग पाइप, एक क्लिप, दुसरी क्लिप. प्रकाश हळूहळू सरकत होता आणि त्याच्यामागे काकूंची मान. पंख्यापाशी आल्यावर काकूंनी त्यांचा हात थांबवला.

“वीट,” त्या म्हणाल्या.

“हाव,” ते म्हणाले.

“आणि टाकीला तवाच आहे. छत्री नाही.” काकूंचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या, कारण पुसायला नजर हलवावी लागली असती. “अगदी तशीच आहे हो. घाटातल्यासारखी.”

आणखी थोडा वेळ बघून घेतलं. मग सरळ उभ्या राहून विचारलं, “पाणी कोणतं घातलं?”

घरमालक एक क्षण अडखळले. “तुझंच. भंडाऱ्याचं.”

काकूंनी चाचपत झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मला माझा जारच्या पाण्याचा तांब्या आठवला.

“खोटं. हे मेलेलं पाणी आहे.” मग शांतपणे म्हणाल्या, “बरं केलं. हेच घालत जा. माझ्या पाण्यानं दगड धरते.”

चाचांनी मान खाली घातली. घरमालकांच्या हातातली टॉर्च चालूच होती, प्रकाश कुठंतरी त्यांच्या स्वतःच्या चपलेवर पडला होता.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? जन्मभर त्या पाण्याचे हंडे कोणी घासले या घरात? चिंच लावून लावून हात गेले माझे. माझ्या हंड्यात धरते तर तुमच्या टाकीत धरणार नाही का?”

“मग तू ओतत का होती?”

“तुम्ही किती लपून काढत होता ते. घमेलं काय, फडकं काय. मी देवळातून लवकर आले तर कोपऱ्यावर थांबायची, तुमचं होऊ द्यायची. कढीपत्त्याच्या बुडाशी पांढरं साचायचं, ते मीच खुरपून टाकायची.” काकू हसल्या. “मी ओतायचं थांबवलं असतं, तर तुम्हाला कळलं नसतं का, की मला कळलं आहे?”

घरमालकांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवली. मग नवी बंडी अंगात असताना सरळ जमिनीवर आडवे झाले आणि खालची तोटी उघडली. बॅटरीचं पाणी शेडमधून वाहत गेटाकडच्या नालीत गेलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत ते तसेच पडून राहिले. तोटी बंद केली, उठले, घरात गेले आणि तांब्या भरून आणून काकूंच्या हातात दिला.

“ओत.”

“अहो, काय करू राहिले? इतक्या मेहनतीनं साफ केली ती. दगड धरेल ना परत.”

“धरू दे,” ते म्हणाले. “दहा-बारा वर्षं लागतात त्याला.”

काकू तांब्या धरून उभ्या राहिल्या. दोघांच्या वयाचा हिशेब करायला कुणाला फार विद्या लागत नव्हती. मग त्यांनी डाव्या हातानं टाकीचं तोंड चाचपलं आणि पाणी ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

त्या संध्याकाळी काकू शेजारणीचा हात धरून देवळात गेल्यावर मी सवयीनं गॅलरीत येऊन उभी राहिले. घरमालक शेडमध्येच होते, खुर्चीवर बसून गाडीकडे बघत. अंधार पडेपर्यंत बघत राहिले आणि काकू परत आल्यावर त्यांचा हात धरून घरात गेले. घमेलं भिंतीला टेकून तसंच होतं.

कढीपत्त्याला पाणी मीच घातलं.